शिकवायला शिकवणारी वृंदामावशी

आमच्या रोह्याच्या आळीत वृंदामावशीबद्दल एक बातमी पक्की झालेली आहे. तिची स्वतःची पीएचडी म्हणे अर्धवट राहिली, म्हणून पेणच्या कॉलेजात ती दुसऱ्यांची अडवून धरते. शेजारच्या आनंदीबाई ही बातमी सांगताना आवाज खाली आणतात आणि मान वर करतात, म्हणजे वरच्या मजल्यावरही नीट पोचावी.

बातमी खोटी आहे. मावशीची पीएचडी कधीच पुरी झाली. तो जाडजूड प्रबंध कपाटावर आहे आणि त्याच्यावर इस्त्री ठेवलेली असते. अडवत तर ती कुणालाच नाही. फिजिओथेरपी, नर्सिंग असल्या विषयांत पीएचडी करणारी मंडळी उद्या कॉलेजात शिकवायला उभी राहणार, पण शिकवायचं कसं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते मावशी सांगते. दर शनिवारी एकजण तिच्यासमोर सरावाचा तास घेतो, बाकीचे विद्यार्थी होऊन बसतात, आणि तास संपला की मावशी म्हणते, पुन्हा. तेवढ्या एका शब्दावर आळीने एवढी इमारत उभी केली.

या कामाने मावशी दमली होती. रोह्याहून नागोठणे, वडखळ करत एसटी पेणला पोचेपर्यंत अर्धा जीव जातो, आणि उरलेला अर्धा त्या तासांत. गुडघा तोच, फुप्फुस तेच, माणसं फक्त बदलतात. ऐकता ऐकता तिला एक सवय लागली होती. वाक्य संपलं की चष्मा काढायचा, डोळे चोळायचे, खिडकीकडे बघायचं आणि म्हणायचं, "असो." सगळा थकवा त्या शब्दात मावायचा.

यंदा नाथाचं प्रकरण आलं. नाथा पेणजवळच्या जोहे गावचा. त्याच्या घरी गणपतीच्या मूर्ती होतात. दिवस दिवस उकिडवं बसून मूर्ती रंगवणाऱ्यांच्या गुडघ्यांवरच त्याची पीएचडी चाललेली. चहाच्या टपरीवर हा माणूस बोलायला लागला की चहावाला उकळी विसरतो. वर्गात उभा राहिला की मात्र त्याचं काहीतरी भलतंच व्हायचं. शिकवण्याच्या परीक्षेत एकदा नापास झाला होता आणि ही दुसरी, शेवटची खेप होती. पास झाला तर कॉलेजात शिकवायची जागा, नाहीतर डोलवीला कंपनीच्या दवाखान्यात शिफ्ट.

परीक्षेआधीचा शेवटचा सराव होता. नाथाने गुडघ्याच्या वाटीबद्दल एक वाक्य म्हटलं, खिडकीकडे बघितलं, दोन बोटांनी नाकावरून काहीतरी उचलल्यासारखं केलं, डोळे चोळले आणि म्हणाला, असो. नाथाला चष्मा नाही. मागच्या बाकावर कुणीतरी खोकून हसू दाबलं, आणि मावशीला आपण आरशात बघतोय असं वाटलं. मग तिला आधीचे सगळे आठवले. वडखळचा कमळाकर असंच खिडकीकडे बघायचा. नर्सिंगची ती पुतळी म्हणून मुलगी, तिचंही असोच असायचं. मावशी इतकी वर्षं शिकवणारे घडवत नव्हती, आपल्यासारख्या दमलेल्या बाया घडवत होती.

तास संपल्यावर तिने नाथाला थांबवून विचारलं, हे कुठून शिकलास. तो गोंधळला. जुने लोक नव्यांना हेच सांगत आलेत म्हणाला, बाईंसारखं शिकवा, बाई पास करतात. तो तर घरी सराव करायचा, आई विचारायची डोळ्यात रंग गेला का रे.

मावशीला खरं तर हसायचं होतं, पण तेवढी ताकद नव्हती. पिशवी उचलत ती म्हणाली, "तुझ्या वाटेत मीच आडवी येतेय, नाथा. मला न बघता शिकव."

"पन बाई, परीक्षेला तुमी समोरच बसनार."

"ते तुझं तू बघ. माझी एसटी जाईल."

परीक्षेच्या दिवशी मावशी बाहेरून आलेल्या दोन परीक्षकांच्या शेजारी पहिल्या बाकावर बसली. मागे पहिल्या वर्षाच्या मुली. नाथाने सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला त्याचे डोळे खिडकीकडे वळले. मावशीने स्वतःचा चष्मा घट्ट धरून ठेवला, जणू त्याने काही फरक पडणार होता. नाथाचा हात नाकाकडे निघाला, अर्ध्यात थांबला. आणि तो खाली बसला. फळ्यासमोर, जमिनीवर, उकिडवा. टेबलाच्या पलीकडे तो पार दिसेनासा झाला. त्यालाही मावशी दिसेनाशी झाली.

टेबलामागून आवाज आला, आणि तो टपरीवरचा होता.

"आमचा बापूस असाच बसतो, सकालपासून. आता त्याला उठायचं हाय. पयला कुठं बोंबलंल, सांगा."

मुली बाकांवर चढल्या. गुडघा, कंबर, घोटा, चहूकडून उत्तरं यायला लागली. परीक्षकांना बसून काही दिसेना, तेही उठून टेबलाला वळसा घालून गेले, आणि त्यातले वयस्कर परीक्षक तर त्याच्यासमोर उकिडवे बसून बघू लागले. त्यांना परत उठवताना नाथाने कुठला स्नायू ओढला जातोय तेही वर्गाला दाखवून दिलं. मावशी तेवढी जागेवर बसून राहिली. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच तिला पुढचं वाक्य काय येणार ते माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी तिने आम्हाला नाथाची नक्कल करून दाखवली. वाईट केली, पण जमिनीवर बसून केली आणि उठायला माझा हात मागितला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवताना मी म्हटलं होतं, तुझा नाथा या खेपेलाही आपटणार. तिने मान न उचलताच पैज लावली होती. नाथा पास झाला. म्हणून आता दर शनिवारी मावशीबरोबर एसटीने पेणला जायचं, पहिल्या बाकावर विद्यार्थी होऊन बसायचं आणि न कळलेलं विचारायचं, असं माझ्यावर आलं आहे. काल दीड तास मूत्रपिंड होतं.