उजव्या हातातली दोरी

वसईचा माणूस म्हणजे पाण्यातला माणूस, असं बाहेरच्यांना वाटतं. त्यांच्या लेखी वसई म्हणजे समुद्र, खाडी आणि मासे. आम्ही भुईगावचे वाडीवाले. केळी, भाजी आणि फुलझाडं शिंपण्यात आमच्या पिढ्या गेल्या. समुद्राची गाज घरात ऐकू यायची, तेवढाच आमचा त्याच्याशी संबंध. पण हे समजून घ्यायला समोरच्याला थोडी अक्कल लागते, आणि आमच्या क्रीडामंडळात तिचा दुष्काळ होता.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. मंडळाच्या चिटणीसांनी मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने टाकून दिलेली चार वल्ह्यांची शर्यतीची होडी खाडीवर आणली. हे गृहस्थ देशावरून बदली होऊन आलेले मास्तर. जन्मात वल्ह्याला हात न लावलेला हा माणूस इंग्रजी पुस्तक उघडून काठावरून आम्हाला वल्हवायला शिकवायचा, आणि तो पान उलटेपर्यंत आम्ही वल्ही हवेत धरून बसायचो. वल्हवणारे चौघे मिळाले. दोघे आमच्या भुईगावचे, एक जूचंद्रचा मिठागरात राबणारा आणि एक कळंबचा मच्छीमार. पाचवा हवा होता सुकाणू धरायला. त्याला कॉक्सन म्हणतात, आणि त्याच्या अंगी एकच गुण लागतो, तो म्हणजे वजन नसणं. मी कचेरीत कारकून, वजन बेचाळीस किलो. मास्तरांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझी निवड झाली. पोहता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. वसईच्या माणसाला ते काय विचारायचं?

मला पोहता येत नव्हतं. लहानपणी माझा कान वाहायचा, म्हणून आईने मला वाडीतल्या बावखलात कधी उतरू दिलं नाही. गावातली झाडून सगळी पोरं त्या तळ्यात पोहायला शिकली, मी सोडून. पुढे कान बरा झाला, पण तोवर वय झालं होतं आणि लाज आली होती.

शर्यतीच्या होडीत वल्हवणाऱ्यांची पाठ पुढे असते. आपण कुठे चाललोय ते त्यांना दिसत नाही. दिसतं फक्त कॉक्सनला. तो मागच्या टोकाला त्यांच्याकडे तोंड करून बसतो, हातात सुकाणूच्या दोन दोऱ्या आणि तोंडाला पत्र्याचा कर्णा. त्याच्या अगदी समोर बसणारा एकटाच त्याचा चेहरा धड पाहू शकतो. आमच्या होडीत तो कळंबवाला. तर अशा जागेवर दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की मी बसायचो आणि चार दांडगे गडी माझ्या आरोळीवर घाम गाळायचे. मला ती जागा किती प्यारी झाली होती, हे सांगायला आज लाज वाटते. लाट उसळली आणि कोणी बिचकला, की मीच कर्ण्यातून विचारायचो, पाण्याला भिता का रे. हे विचारणारा मी.

पहिल्या वर्षी खाडीत शर्यत झाली. मुंबईचा एक संघ जिंकला, आणि जिंकल्याबरोबर त्यांनी आपल्याच कॉक्सनला हातपाय धरून पाण्यात भिरकावलं. ही म्हणे विलायतेतली रीत. आपल्याकडे विलायतेचं काहीही खपतं. मास्तरांना ते इतकं आवडलं की, आपण जिंकू तेव्हा आपणही हेच करायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या दिवसापासून मला जिंकण्याची धास्ती बसली.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर कर्णा गेला असता, दोऱ्या गेल्या असत्या आणि मी पुन्हा कचेरीतला बेचाळीस किलोचा कारकून उरलो असतो. म्हणून गप्प राहिलो. दोन वर्षं निभावलं, कारण हरायला आमच्या संघाला माझी मदत लागत नव्हती.

तिसऱ्या वर्षी मात्र या चौघांना वल्हवणं जमून गेलं. मास्तरांच्या पुस्तकामुळे नव्हे, पुस्तकाकडे लक्ष देणं सोडल्यामुळे. शेवटच्या शर्यतीत आम्ही अर्धी होडी पुढे होतो. ओहोटी लागली होती. खाडीच्या मधल्या धारेत राहिलं की पाणीच होडी पुढे नेतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. समोर धक्का दिसत होता. धक्क्यावर मास्तर हार घेऊन नाचत होते आणि त्यांच्या पायाखाली खोल, गढूळ पाणी होतं. मी उजव्या हातातली दोरी ओढली.

होडी काठाकडच्या संथ पाण्यात गेली, वल्ही चिखलाला लागली, आणि आम्ही वल्हंभर अंतराने हरलो. ओहोटीने ओढलं, असं मी सांगितलं. पुढचं बघणारा मी एकटाच, तेव्हा मी म्हणेन ते खरं. मास्तरांनी तर पुस्तकातून त्याचं कारणही शोधून काढलं.

होडी वर ओढून ठेवल्यावर तिघे चहाला गेले. कळंबवाला मागे थांबला, वल्ही पुसत.

"तुला पवता येत नाय, ते मना पयल्या वर्सापासून ठावं हाय," तो म्हणाला. "पानी उडलं का तू डोले मिटतस."

मी सुकाणूच्या दोऱ्या गुंडाळायला घेतल्या. तो पुढे बोलत राहिला.

"आमी चौगांनी कवाच ठरवलेलं. तुला पान्यात टाकाचं नाय. खांद्यावर घेवाचं नि धक्क्यावरशी मिरवत न्याचं." मग त्याने माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. "दोरी का रं वढलीस?"

खरं बोलायची तेवढी एकच संधी होती. मी म्हणालो, ओहोटी होती.

त्याने मान हलवली आणि उरलेली वल्ही पुसली. पुढच्या वर्षी तो होडीवर आला नाही, आणि जे पाहिलं ते त्याने इतरांना कधी सांगितलंही नाही. भुईगावचे ते दोघे आता म्हातारे झालेत. चर्चबाहेर भेटले की अजून त्या ओहोटीला शिव्या घालतात, आणि मीही त्यांच्याबरोबर घालतो.