म्हातारीच्या नऊ दोऱ्या

माझी मावशी बाहुल्यांचे खेळ करायची. ती बाहुल्या नाचवते असं कुणी म्हटलेलं तिला खपायचं नाही. "नाचायला कुणालाही येतं. माझ्या बाहुल्या चालतात," असं ती ठसक्यात सांगायची.

तीस वर्षं ती आठवडाभर लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि सुट्टीच्या दिवशी खेळ. नवऱ्याला बाहुल्या म्हणजे 'लाकडाची भुतं' वाटायची. तो लवकर गेला. मुलगा कामासाठी दुसऱ्या गावी राहिला आणि तिथलाच झाला. घरात उरल्या दोघी, मावशी आणि सून. आणि खोक्यात अकरा बाहुल्या.

लोक यायचे ते त्यातल्या एकीसाठी, म्हातारीसाठी. हातभर उंच, लाकडाची, डाव्या डोळ्याचा रंग उडालेला. ती खुर्चीवरून उठायची, चार पावलं टाकायची आणि थांबायची. आपण कशाला उठलो, तेच तिला आठवायचं नाही. इकडे बघायची, तिकडे बघायची आणि परत जाऊन बसायची. एवढाच खेळ. आधी सगळे हसायचे. मग ज्याच्या घरी तसं कुणी असेल तो गप्प व्हायचा, आणि हळूहळू सगळेच.

ही म्हातारी माझ्या आजीनं केलेली. तिची चाल होती नऊ दोऱ्यांच्या लांबीत. कमरेची दोरी किंचित आखूड, म्हणून ती वाकलेली. डाव्या गुडघ्याची जराशी लांब, म्हणून तो पाय मागे रेंगाळायचा. किंचित म्हणजे किती, हे मावशीला सांगता यायचं नाही. तिनं कधी मोजलंच नव्हतं. एखादी दोरी विरली की ती जुनीच्या शेजारी नवी धरायची, तेवढीच कापायची, बांधायची आणि मगच जुनी टाकायची. एका वेळी एकच. दोन दोऱ्या कितीही कुजल्या असल्या तरी दुसरीला थांबावं लागायचं. आजीनं तसंच केलं, मावशीनंही तीस वर्षं तसंच केलं.

पुढे मावशीची बोटं आखडली. आयुष्यभर बाहुल्यांकडे नाक मुरडणारी सून एक दिवस म्हणाली, "आई, मला शिकवाल का?" मावशी त्या दिवशी जेवली नाही, इतकी ती सुखावली होती. नेमकी तेव्हाच म्हातारीच्या पायाला कीड लागली.

मी संग्रहालयात काम करते. आलेल्या वस्तू तपासायच्या, फॉर्म भरायचे, नीट ठेवायच्या. मीच मावशीच्या मागे लागले. "तुझ्या त्या ओलसर खोलीत सगळ्यांचा भुगा होईल. आमच्याकडे दे. दर शनिवारी दोघी या, तिथंच शिकव." साहेबांनी तसं लिहूनही दिलं. मावशी हो-नाही करत तयार झाली. माझ्यावर तिचा विश्वास होता, दुसरं काय.

नियमाप्रमाणे मी फॉर्म भरला. उंची, वजन, लाकूड, रंग, डावा डोळा खराब. दोऱ्यांना रकाना नव्हता. किडीची वस्तू आत घेताना जुनं सूत काढून टाकायचं, असा नियम मात्र होता. मी हातमोजे घातले, स्वच्छ कात्री घेतली आणि लाकडाला ओरखडा उठू नये म्हणून अगदी गाठीजवळ कापत गेले. अकराही बाहुल्या एका दुपारी. साहेब म्हणाले, काम बघा किती नेटकं. मीही फुशारले. मावशीला आवडेल म्हणून पदरच्या पैशानं पक्क्या दोऱ्याचं रीळही आणून ठेवलं.

शनिवारी दोघी आल्या. मावशीनं कडक इस्त्रीचे कपडे घातले होते. टेबलावर पांढऱ्या कागदावर म्हातारी पडलेली होती. मावशीनं ती उलटी केली, सुलटी केली.

"दोऱ्या कुठंयत गं?"

"जुन्या काढल्या. हे बघ, नवं रीळ आणलंय."

"सोडल्यास की कापल्यास?"

"कापल्या."

"तुकडे?"

"ते गुरुवारी जाळतात, मावशी. किडीचा कचरा ना तो."

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त खुर्ची ओढली आणि बसली. सुनेला म्हणाली, "धर. बघू जमतं का."

सात शनिवार त्या दोघी आल्या. सून दोऱ्या बांधायची, मावशी डोळे मिटून आपली आखडलेली बोटं हवेत हलवायची आणि सांगायची, थोडी सोड, आणखी, नको, घे. आमच्याकडे खेळाचं एक चित्रीकरण होतं. त्यात बाहुली दिसत होती. दोऱ्या वर पडद्याआड गेलेल्या. बाकीच्या दहा बाहुल्यांना कुणी हातही लावला नाही. मी कोपऱ्यात उभी राहून रीळ धरायचे. त्याखेरीज माझा उपयोग नव्हता.

सातव्या शनिवारी म्हातारी खुर्चीवरून उठली आणि चार पावलं चालली. कमरेत वाकलेली, पाय रेंगाळणारा. थांबली, इकडे-तिकडे पाहिलं.

"आई, चालली की," सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मावशी बराच वेळ बघत राहिली. "चालली," ती म्हणाली. "पण आपण कशाला उठलो ते हिला माहीत आहे."

त्यानंतर ती आली नाही. चार महिन्यांनी गेली. तिची मी माफी मागितली नाही असं नाही, तीनदा मागितली. तिन्ही वेळा ती म्हणाली, "तू तरी काय करणार, तुझं काम होतं ते." शिवी दिली असती तर मला झोप लागली असती.

आता म्हातारी काचेत उभी आहे. खालची पाटी मीच लिहिली आहे: 'विसरभोळी म्हातारी. तिच्या चालीसाठी प्रसिद्ध.' मी मागे लागून फॉर्मात नवा रकाना घालून घेतला, दोऱ्यांची लांबी. साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं.

मागच्या महिन्यात सून आली होती. काचेसमोर उभी राहिली. तिचा उजवा हात बाजूला लोंबत होता आणि बोटं हलत होती, थोडी सोड, आणखी, नको. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एकदा काढून देता का? अर्धा तास."

"अर्ज करावा लागेल," मी म्हणाले. तोंडातून निघून गेल्यावर कळलं, काय बोलले ते. ती अर्ज न करताच गेली.