लागला, विझला

माझे बाबा रिटायर्ड लेथवाले. उभ्या जन्मात 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. परवा ते आईवर नको तितके खेकसले आणि आईने अबोला धरला. "सांग तुझ्या बाबांना" ऐकून ऐकून माझं डोकं उठलं.

त्यात गाडी बिघडली. ब्रेकवरून पाय काढला तरी मागचा लाल दिवा जळतच राही. पेडलमागचा बोटाएवढा स्विच खराब झाला होता. गॅरेजवाल्याचे उपकार नकोत, म्हणून बाबांनी स्वतःच स्टिअरिंगखाली डोकं खुपसलं आणि तासभर कण्हत, करवादत नवा स्विच बसवला.

पण दिवा बघायला मागे कुणीतरी हवं. मी मुद्दाम खिडकीतून हलले नाही. शेवटी आईच गेली.

बाबांनी पेडल दाबलं. "लागला का?"

"लागला."

पाय काढला. "आता?"

"विझला."

काम तिथेच संपलं होतं. तरी बाबा दाबत राहिले, विचारत राहिले, आणि आई उत्तरं देत राहिली. पंधरा-वीस वेळा तरी झालं असेल.

"आता?"

"विझला हो, केव्हाच विझला. उठा आता, गुडघा धरेल."