चालेलआत्याला काय चालत नाही

वेताच्या खुर्चीची बैठक फाटली की त्या भागातली माणसं ती खुर्ची सरळ डोक्यावर घ्यायची आणि चालेलआत्याकडे आणायची. तिला खरं नाव होतं, पण त्या नावानं हाक मारणारा एक थोरला भाऊ होता, तो गेला आणि नावही त्याच्याबरोबर गेलं. चहात साखर कमी पडली, तर चालेल. पाहुणे आले म्हणून स्वयंपाकघरात अंथरूण टाकावं लागलं, चालेल. एकदा दातांच्या डॉक्टरनं विचारलं, आधी डावीकडची दाढ काढू की उजवीकडची, तर बाईनं उघड्या तोंडानंच "चालेल" म्हटलं. डॉक्टर बिचारा पक्कड हातात धरून बघतच बसला.

ढोंग नव्हतं त्यात. ऐन तरुणपणी नवरा गेला, भावाच्या घरी आली, आणि दुसऱ्याच्या घरात राहायचं तर आपली आवडनिवड ट्रंकेच्या तळाशी ठेवावी हे तिला कुणी न सांगता कळलं. हाताला मात्र काम होतं. वेत भिजवायचा, चौकटीच्या भोकांतून ओढायचा, उभे आडवे धागे झाले की तिरपे घालायचे, एकाच्या खालून, दुसऱ्याच्या वरून. खुर्ची विणताना ती कुणाच्या घरात आहे हे तिला आठवत नसे.

पुढे भाच्यानं वरच्या मजल्यावर नवी जागा घेतली. मागच्या बाजूला एक ऐसपैस खोली होती, पण तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. पुढे गॅलरी होती, बंद करून घेतलेली, अरुंद, पण दिवसभर उन्हानं भरलेली. भाचेसून गुणाची पोर. लग्नानंतर पुन्हा कॉलेजची परीक्षा द्यायचं तिनं मनावर घेतलं होतं, आणि त्यात अर्थशास्त्र तिच्या मानगुटीवर बसलं होतं. तिनं विचार केला, खुर्च्यांचा पसारा आत्यांचा, मोठी खोली त्यांनाच द्यावी, आपण गॅलरीत वाचू. आत्याला विचारलं. आत्या काय म्हणाली ते सांगायला नको.

दोघीही आपापल्या जागी जाऊन बसल्या, आणि आपण समोरचीसाठी केवढं सोडलं याचं दोघींना मनातून बरं वाटलं.

मग खालच्या मजल्यावरच्या वकिलीणबाई आत्याकडून विणून नेलेली खुर्ची परत घेऊन आल्या. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट. खुर्ची दाराशी ठेवली आणि हळूच म्हणाल्या, आत्या, ही तुमच्या हातची वाटत नाही हो. आत्यानं वाकून पाहिलं, मग बोटानं चाचपलं. जिथे तिरपी पट्टी खालून जायला हवी होती तिथे ती वरून गेली होती, घासून घासून तुटली होती. एक नाही, ओळीनं चुकलं होतं.

त्या संध्याकाळी आत्यानं भाच्याला सांगून टाकलं, आता नव्या खुर्च्या घेत नाही, हात गेला. भाचा मायेनंच म्हणाला, आत्या, किती राबलीस, आता आराम कर. ती चालेल म्हणाली. तिचा चहा मात्र तसाच राहिला, वर साय धरली. ती साय फक्त भाचेसुनेनं पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचेसून पुस्तक घेऊन मागच्या खोलीत आली. गॅलरीखाली रिक्षांचे हॉर्न, भांड्यांचं दुकान, त्यात एक वाक्य धड वाचून होत नव्हतं. आत्या रिकाम्या हातांनी बसली होती. वेत टबमध्ये भिजून फुगला होता, काढायला तिचा जीव होत नव्हता. भाचेसून मोठ्यानं वाचू लागली. धडा समवृत्ती वक्राचा होता. एका माणसाकडे सफरचंदं आणि संत्री आहेत, त्यांच्या कोणकोणत्या जोड्यांनी त्याला सारखंच समाधान मिळतं, ते जोडून होणारी रेघ. पोरीला रेघ पाठ होती, कळत नव्हती. आत्या म्हणाली, या माणसाला कामधंदा दिसत नाही, आणि संत्र्यानं मला खोकला होतो.

भाचेसून हसली आणि म्हणाली, मग तुमच्या कामातल्या दोन वस्तू सांगा.

"जागा आणि उजेड," आत्या म्हणाली. तोंडून निसटलंच ते.

पोरीनं वहीच्या पानावर एक उभी रेघ काढली, ती उजेडाची, आणि एक आडवी, ती जमिनीची. विचारायला लागली. आत्ता ही सगळी खोली आहे आणि हा असा मिणमिणता उजेड. जरासा उजेड वाढवून दिला, तर किती जमीन सोडाल, म्हणजे आत्ताइतकंच बरं वाटेल, कमी नाही, जास्त नाही.

"अर्धी घे की," आत्या पटकन म्हणाली. "मला काय इथे नाचायचंय?"

आणखी थोडा उजेड दिला तर? आत्यानं खोलीभर नजर फिरवली. आता तिनं दोन फरश्यांचा पट्टा देऊ केला. आणखी दिला तर? तिनं विचार केला आणि एका फरशीची कड दाखवली. त्याच्याही पुढे?

"आता काही नाही. ऊन पोतंभर आणलंस तरी नाही. खुर्ची ठेवू कुठे, डोक्यावर?"

पोरीनं ठिपके जोडले. रेघ सरळ आली नाही, मधे कोपऱ्याकडे झुकली. असं का, ते आता तिला पुस्तकाशिवाय दिसत होतं. ज्याची चंगळ आहे ते माणूस ढिगानं देतं, जे सरत आलं ते वीतभरही सोडवत नाही. आत्या उठली, टबमधून एक ओला वेत काढला, एक टोक भिंतीला लावलं, दुसरं जमिनीवर दूर टेकवलं. वेत आपल्या भारानं कोपऱ्याकडे कलला. अशीच का रेघ, तिनं विचारलं. अगदी अशीच, पोरगी म्हणाली, या वेतावर तुम्हाला कुठेही बसवलं तरी सारखंच.

मग तिनं वहीत आणखी एक ठिपका दिला. हा ठिपका रेघेवर नव्हता, रेघेच्या बाहेर, वरच्या अंगाला होता. ही गॅलरी, ती म्हणाली, उजेड भरपूर, आणि जमीन तुम्ही शेवटी राखून ठेवलीत त्यापेक्षा थोडी जास्तच. म्हणजे आहे त्यापेक्षा ही जागा तुम्हाला अधिक आवडते.

"मी कुठे तसं म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलंत आत्या. पण तुम्ही फरश्या मोजून दिल्यात ना."

आत्यानं भिंतीला लावलेला वेत खाली घेतला. मग म्हणाली, अंधारात चाचपून विणत होते गं, हात नाही गेला माझा. आधी बोलला का नाहीत, असं पोरीनं विचारलं. आत्या म्हणाली, तू हौसेनं गॅलरी घेतली होतीस, तुझ्या तोंडचा घास कसा काढू. भाचेसुनेनं कपाळावर हात मारला. हौस कसली, तिथे तिला स्वतःचं वाचणं ऐकू येत नव्हतं. वेताच्या विणीला ऊन लागतं, पण वाचायला तिला दिव्याचा उजेड पुरत होता, हवी होती ती शांतता, आणि ती इथे अंधारात फुकट पडून होती.

मग दोघींची घासाघीस सुरू झाली. भाजीबाजारात होते तशी, लाज सोडून. आत्यानं गॅलरी मागितली, पण झुलत्या खुर्च्या तिथे मावायच्या नाहीत, म्हणून मागच्या खोलीत दाराजवळचा पट्टा आणि टबाची जागाही मागितली. पोरीनं पट्टा दिला, वर अट घातली, अभ्यासाच्या वेळी घरात ठोकाठोक नको.

"ते नाही चालणार," आत्या म्हणाली. "भोकात खुंटी ठोकल्याशिवाय वेत ताणून राहत नाही."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. छताला तडा वगैरे गेला नाही. पोरगी पेन्सिल चावत म्हणाली, बरं, मग दार लावून ठोका, खाली हॉर्नच्या गोंगाटात ते कोण ऐकतंय. ठरलं.

भाचा कामावरून आला तेव्हा मागच्या खोलीत टेबलदिवा लागला होता आणि गॅलरीत आत्या वकिलीणबाईंची खुर्ची मांडीशी घेऊन बसली होती. मावळतीचं ऊन चौकटीवर पडलं होतं, एकेक चुकलेली पट्टी बोट न लावता दिसत होती. तिनं ती ओळ उसवली, ओला वेत तोंडात धरला आणि खालून घातला. भाच्यानं सवयीनं बूट काढून गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवले.

"ते आत ने," वेत दातांतून काढत आत्या म्हणाली. "सावली पडते."

भाच्यानं बूट उचलले. तसाच, हातात बूट घेऊन, तो मागच्या खोलीत बायकोला विचारायला गेला, आत्याला आज झालंय काय. बायकोनं पान उलटलं आणि त्याला सांगितलं, जाताना दार लावून घ्या, त्या आता ठोकणार आहेत.