सुंदराबाईचे गुडघे

गंगाराम परत आला तेव्हा त्याचे हात दोरीने बांधलेले होते. मागच्याच महिन्यात मी त्याला याच वॉर्डातून हसत निरोप दिला होता.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी मानसोपचार वॉर्डात पोस्टिंग करावीच लागते. जालन्यात माझी लागली, तेव्हा सुरुवातीला मी भिंतीला पाठ लावूनच उभी राहायचे. वेडा माणूस कधी काय करेल सांगता येत नाही, हेच घरून ऐकलेलं. मग गंगारामच्या कानातले आवाज गोळ्यांनी थांबले. तो मेंढरांच्या गोष्टी सांगू लागला. मला वाटलं, औषध दिलं की झालं काम. आता ती दोरी पाहून नुसता थकवा आला.

"रिलॅप्स," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. म्हणजे बरा झालेला आजार उलटला. "आईला विचार काय झालं. ओरडू नकोस."

मी ओरडलेच. "गोळ्या का बंद केल्या?"

त्याची आई, सुंदराबाई, दाराशी बसली होती. "पोरगं बराबर झाल्तं, माय. मंग खंडोबाचा नवस फेडला. बकरं कापलं, गावाला जेवू घातलं. त्याच्यावर बी गोळ्या देऊन राह्यले असते तर?"

"देव रागावला असता?"

"देव कशाला रागावतो? नवस फेडला तरी मेंढरांना जंताचं औषध पाजतोच की." तिने पदराने तोंड पुसलं. "पण गावानं मानलं, पोरगं बरं झालं. भोकरदनचे पाव्हणे येणार व्हते. कोणी गोळ्या पाह्यल्या असत्या तर? येड्याला पोरगी कोण देतं?"

आमच्या पुस्तकात गोळ्या बंद करण्याची कारणं होती. त्यात पाहुणे नव्हते.

सिस्टरना सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं. "आजार आवरतो गं. गाव आवरत नाही."

त्या डॉक्टरांशी बोलल्या. गंगाराम सावरल्यावर रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्याला एक इंजेक्शन ठरलं. ते औषध अंगात हळूहळू सुटत राहतं, घरात कोणाला दिसत नाही. गंगारामला विचारलं.

"चालंल," तो म्हणाला. "पण मेंढरं सोडून दर महिन्याला जालन्याला कशापायी जातो, लोकाला काय सांगू?"

"माझे गुडघे गेलेत म्हन," सुंदराबाई लगेच म्हणाली. "म्हातारीला एकटं कसं धाडावं?"

"आणि लग्न ठरलं तर? मुलीला खरं सांगावं लागेल," सिस्टर म्हणाल्या.

"तिला सांगन की," सुंदराबाई म्हणाली. "गावाला कशाला?"

आता मी तिथेच नोकरीला आहे. मायलेक दर महिन्याला येतात. लग्न अजून जमलेलं नाही, आजारही उलटलेला नाही. आमच्या कामात एवढं झालं तरी गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. आणि त्यांच्या गावी, हसनाबादेत, सगळे सुंदराबाईच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

परवा इंजेक्शन झाल्यावर ती लेकाच्या पुढे तरातरा चालत निघाली. गेटबाहेर गावचा कोणीतरी दिसला. तशी ती थांबली, गंगारामचा खांदा धरला आणि लंगडायला लागली.