डॉक्टरांची बहीण

बर्नी गेली. आणि आज तिच्या शवपेटीशेजारी उभी राहून मी खोटं बोलले.

तेच जुनं खोटं. दोन वर्षं बोलतेय.

ग्रुपवरच्या तुमच्यापैकी बहुतेकांना वाटतं की मी आयर्लंडला, नावन गावात, डॉक्टर चुलतभावाकडे राहते. तसं मीच सांगितलंय.

डॉक्टर माझे कोणी लागत नाहीत. मी त्यांच्याकडे मुलं सांभाळायला आहे. राहणं-जेवण त्यांच्या घरी, महिन्याला पगार. इकडे ओ-पेअर म्हणतात. आपल्याकडे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, म्हणून तर बोलले नाही.

ह्यांचं दुकान बंद पडलं तेव्हा दहावी पास बाईला दुसरं काय मिळणार होतं? चांगली माणसं मिळाली, ही देवाची कृपा. तरी लाज वाटायची.

बर्नी, म्हणजे बर्नाडेट, मला शाळेच्या गेटवर भेटली. वय सहासष्ट. शेजारच्या घरातली जुळी मुलं सांभाळायची. सगळ्या गावाला सांगायची, "आयॅम द माइंडर."

पहिल्या हिवाळ्यात मी दोन स्वेटर एकावर एक घालून उभी राहायची. कोट महाग, घेतला नव्हता. तिने एक दिवस पिशवीतून जाड निळा कोट काढला.

"माझ्या बहिणीचा. ती गेली. शी वोन्ट माइंड."

मेलेल्या बाईचा कोट! पण थंडी अशी, की अंबाबाईची मनातल्या मनात माफी मागितली आणि चढवला.

कुठली बस, कुठला केमिस्ट, सगळं तिने दाखवलं. कोणी 'हाउ आर यू' म्हणालं की मी गुडघेदुखीपासून सुरुवात करायची. ती हसून म्हणाली, "अगं, कोणाला ऐकायचं नसतं ते! ग्रँड म्हणायचं आणि पुढे चालायचं."

ह्यांचं ऑपरेशन होतं तेव्हा तिने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मला न सांगता. मागाहून कळलं.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "डॉक्टर तुझे कोण?"

मी म्हटलं, "ब्रदर."

मग आली दिवाळी. मराठी मंडळींचा कार्यक्रम, हॉल भाड्याने घेतलेला. डॉक्टरांच्या मुलीने, सहा वर्षांच्या इराने, हट्टाने बर्नीला बोलावलं.

मी ल्यूकन आणि सिटीवेस्टहून आलेल्या बायकांमध्ये उभी होते. सगळ्या शिकलेल्या. त्यांनाही मी डॉक्टरांची बहीण असंच सांगितलेलं. बर्नी लांबूनच हात हलवत आली.

"ही कोण हो, ताई? तुमची मैत्रीण?" एकीने विचारलं.

"छे, मैत्रीण कसली! कामवाली आहे कोणाकडची. शाळेपाशी दिसते," मी म्हटलं.

इरा बाजूलाच होती. तिला मराठी सगळं कळतं, फक्त बोलते इंग्लिश.

"बर्नी, काकू म्हणते यू आर नॉट हर फ्रेंड. यू आर जस्ट समबडीज कामवाली."

"व्हॉट्स दॅट, डिअर?"

"द वन हू डझ द वर्क."

बर्नीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "वेल, समबडी हॅज टू."

एक चकली खाल्ली, लव्हली म्हणाली, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आत निघून गेली.

मी रात्रभर ठरवत होते, सोमवारी माफी मागायची. सोमवारी गेटवर तीच आधी बोलली. "कोल्ड, इजंट इट?" मी म्हटलं, "ग्रँड."

संपलं.

नंतर एकदा बस येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. ती आपण होऊन सांगायला लागली. अठराव्या वर्षी ती स्पेनला गेली होती, एका श्रीमंत घरात मुलं सांभाळायला. "आईला मी पत्रात लिहायचे, कॉलेजात शिकतेय. आई जाईपर्यंत तिला तेच वाटत होतं."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दामच.

तिला पहिल्यापासून माहीत होतं. आणि आता मला बोलता यावं म्हणून तिने जागा करून दिली होती.

मी म्हटलं, "बस आली."

रोज तासभर पोथी वाचणारी बाई मी. एक वाक्य तोंडातून निघालं नाही.

आज तिच्या घरी दर्शनाला गेले. इकडे देह घरातच ठेवतात, समोरच्या खोलीत. लोक रांगेने येतात, घरच्यांचा हात हातात घेतात, मग आत चहा-सँडविच. बर्नीला निळा ड्रेस घातला होता. हातात जपमाळ.

तिच्या मुलीने माझा हात धरला. "मॅमीची आणि तुमची ओळख कशी?"

"स्कूल गेट," मी म्हटलं.

"ओ! तुम्ही डॉक्टरांच्या बहीण! मॅमी तुमच्याबद्दल किती बोलायची. एकदा कोणीतरी तुम्हाला माइंडर म्हणालं, तर मॅमी केवढी चिडली. म्हणाली, शी इज नॉट द हेल्प, शी इज फॅमिली."

द हेल्प म्हणजे कामवालीच. मी ज्या शब्दाने तिला चारचौघांत झटकलं, तो शब्द मला कोणी लावू नये म्हणून ती भांडली होती. माझं खोटं तिने घरातल्या घरातही सांभाळलं.

आणि मी काय म्हटलं?

"येस. माय ब्रदर."

चहा प्यायले. घरी येऊन आंघोळ केली. देवापुढे दिवा लावायला हात होईना.

उद्या दहाला चर्चमध्ये शेवटची प्रार्थना आहे. तिच्या मुलीला खरं सांगणार आहे. पण माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. दारात जाऊन पुन्हा कच खाईन. म्हणून आधी तुम्हा सगळ्यांना सांगून टाकलं, म्हणजे परत फिरायला जागा नको.

वन्सं, तुम्हीही वाचाल. जे म्हणायचं ते म्हणा. फक्त ह्यांना फोन करून बोलू नका, त्यांनी इकडे यायला नको म्हटलं होतं, मीच ऐकलं नाही.

बर्नाडेट, तुला दोन्ही हात जोडून नमस्कार.

माझं चुकलं.