शंभरावर चौथं बोट

रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरवावा, तर तो गुरांचा व्यापार करणाऱ्या पलूसच्या कृष्णात हेड्यानंच. भल्याभल्या दलालांना त्यानं घाम फोडला होता. पण सेहेचाळीस साली लढाईवरून परतला तो उजव्या हाताची दोन बोटं तिकडंच ठेवून. झालं! बाजारात जो तो त्याच्याशी गोड बोलायचा, चहा पाजायचा, पण त्याच्या रुमालाखाली हात काही कुणी घालेना. बायको अंबूबाई म्हणाली, पेन्शन येतीय, आता घरी बसा. ते कृष्णातला झोंबलं. सायकल घेतो आणि लांबचे बाजार धरतो, म्हणाला, आणि तडक सांगली गाठली.

तिथल्या सायकलींच्या दुकानाचे मालक सुकुमार शेठ यांनी कोरी सायकल पुढं काढली. ते भाव सांगणार, तोवर कृष्णातनं उजव्या हातावर रुमाल टाकला. दुकानातली माणसं हसली; सायकलीचा भाव असा कोण करतं? पण शेठची निम्मी हयात हळदीच्या, असल्याच रुमालाखालच्या सौद्यांत गेलेली. त्यांनाही हुरूप आला. ‘शंभरावर,’ म्हणत त्यांनी रुमालाखाली हात घातला. एका बोटाला दहा रुपये. एक धरलं, दुसरं धरलं, तिसरं धरलं. चौथं चाचपत राहिले. ते नव्हतंच.

शेठनी हात काढून घेतला. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले. राहू दे, शंभरच दे, म्हणाले.

दुसरा कुणी असता तर पाया पडला असता. कृष्णातच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. म्हणजे इथंही तेच! त्यानं हात मागं घेतला नाही.

‘शेठ, बोटांची पेन्शन सरकार देतंय. तुमी सायकलीचं बोला. चौथं न्हाई, तर तीन धरा आनि परत एक धरा. पर हात घाला.’

शेठ वरमले. पण हाडाचे व्यापारी. हात घातला तो थेट चाळीसलाच. कृष्णातनं त्यांचं एकच बोट दाबलं. शेठनी झिडकारलं. अर्धा तास दोघं घामाघूम, एकमेकांवर डोळे वटारून. शेवटी एकशेवीसवर जुळलं. तोवर शेठ दयामाया पार विसरले होते, चांगलेच चिडले होते. कृष्णातला इतकं बरं गेल्या वर्षात कधी वाटलं नव्हतं.

तो पैसे देताना एकानं टोकलंच, गड्या, शंभराला मिळत होती की.

‘शंभराला भीक मिळत हुती,’ सायकल रस्त्यावर काढत कृष्णात म्हणाला. ‘ही म्या इकत घेतलीया.’